मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील फिस्टुला: चंडीगड प्रशासनाच्या आरोग्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य सचिव,
चंडीगड केंद्रशासित प्रदेश प्रशासन



मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ कधीकधी आतड्याची भिंत आरपार भेदते, शेजारच्या अवयवाला चिकटते आणि त्यातही शिरते. गाठीचा मधला भाग कुजून गळाला की दोन पोकळ्यांमध्ये वाट उघडते. या वाटेला फिस्टुला म्हणतात. ती आतडे आणि मूत्राशय यांच्यात असू शकते, आतडे आणि जठर यांच्यात, आतडे आणि योनिमार्ग यांच्यात, लहान आणि मोठ्या आतड्यात, किंवा आतड्यातून थेट पोटाच्या कातडीपर्यंत. गुदद्वाराशेजारी होणारे भगंदर हीसुद्धा एक फिस्टुलाच आहे, पण तिचे कारण बहुधा गुदद्वाराजवळच्या ग्रंथीतील जंतुसंसर्ग हे असते. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा प्रचारात आणलेली क्षारसूत्राची पद्धत भगंदरावर उपयोगी ठरली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची १९९१मध्ये प्रसिद्ध झालेली तुलनात्मक चाचणीही तसेच सांगते: शस्त्रक्रियेपेक्षा जखम भरायला वेळ अधिक लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण कमी राहिले. कर्करोगाने पोटात पाडलेल्या वाटेला मात्र ना क्षारसूत्राचा उपयोग, ना भिंतींवर जाहिराती करणाऱ्या दवाखान्यांतील खात्रीच्या इलाजांचा. तिथे गाठ काढावी लागते.

हा प्रकार विरळा आहे. आतडे आणि मूत्राशय यांच्यातील फिस्टुला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एकालाही होत नाही. आतडे आणि आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यांच्यातील फिस्टुला तर हजारात एखाद्याला होते. पण जगात दरवर्षी मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात आणि भारतातील अंदाज ६० हजारांच्या पुढे आहे. शिवाय गुंतागुंतीचे रुग्ण सर्वत्र सारखे विखुरलेले नसतात, ते मोठ्या रुग्णालयांत गोळा होतात. चंडीगडच्या सेक्टर १२मधील पीजीआय, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्था, हे असेच ठिकाण आहे. १९६२मध्ये स्थापन झालेली आणि १९६७मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेली ही संस्था पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरचा भार वाहते. तिच्या बाह्यरुग्ण विभागांत वर्षाला वीस लाखांहून अधिक रुग्णांची ये-जा असते. जिल्ह्याच्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत एकदाही न दिसणारा रुग्ण इथल्या शल्यविशारदांना नेमाने दिसतो. अडचण तो इथे पोहोचण्याआधीच्या महिन्यांत आहे आणि हे पत्र मुख्यतः त्या महिन्यांविषयी आहे.

फिस्टुला एका दिवसात होत नाही. गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली की शरीर तिच्याभोवती दाहाचे कुंपण घालू लागते आणि शेजारचा अवयव त्या जागी चिकटतो. ही चिकटण्याची क्रिया एका अर्थी रुग्णाला वाचवते, कारण नंतर भोक पडले तरी विष्ठा पोटाच्या मोकळ्या पोकळीत सांडत नाही आणि रुग्ण काही तासांत धोक्यात येत नाही. त्याचा आजार मंदावतो, लांबतो आणि वेगळ्याच नावाने ओळखला जाऊ लागतो. यातली आणखी एक गोष्ट सामान्य डॉक्टरांनाही फारशी ठाऊक नसते. अशा प्रकारे आजूबाजूला घुसणाऱ्या गाठी आकाराने मोठ्या असल्या तरी त्यांतल्या बऱ्याच दूरवर पसरलेल्या नसतात. अनेकदा लसिका ग्रंथीही स्वच्छ निघतात. म्हणून पोटात फिस्टुला दिसली की आता काही उरले नाही, असे नातेवाइकांना सांगून मोकळे होणे चुकीचे आहे. रोग चौथ्या टप्प्यातला आहे की नाही हे यकृत, फुप्फुसे आणि पोटाचे अस्तर यांच्या तपासणीनंतरच ठरते. वर्गीकरणात शेजारच्या अवयवात शिरलेल्या गाठीला टी४बी म्हणतात. हे टी अक्षर फक्त गाठीच्या खोलीविषयी बोलते, रोगाच्या टप्प्याविषयी नाही. रिपोर्टवरचा चारचा आकडा पाहून खचलेल्या कुटुंबाला एवढा फरक सांगितला तरी पुष्कळ होते.

सर्वांत अधिक आढळणारी फिस्टुला मूत्राशयाशी होते. मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग मूत्राशयाच्या माथ्यावर टेकलेला असतो आणि गाठही पुष्कळदा तिथेच असते. स्त्रियांमध्ये दोन्हींच्या मध्ये गर्भाशय येते, त्यामुळे हा प्रकार पुरुषांत अधिक दिसतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना ते संरक्षण उरत नाही. आतड्यातला दाब मूत्राशयातल्या दाबापेक्षा जास्त असल्याने वाहतूक सहसा एकाच दिशेने होते, आतड्यातून मूत्राशयाकडे. रुग्णाला लघवीच्या शेवटी हवा सुटल्यासारखे वाटते, बुडबुडे दिसतात, पुढे लघवीला विष्ठेचा वास येतो, कधी त्यात कणही दिसतात. साठीतला पुरुष हे आपणहून सांगत नाही. त्याला विचारावे लागते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ते विचारायचे राहून जाते. त्याची तक्रार नोंदली जाते ती लघवीला जळजळ आणि ताप अशी. वय पाहून प्रोस्टेटवर संशय घेतला जातो, प्रतिजैविके दिली जातात, आठवडाभर बरे वाटते आणि त्रास पुन्हा सुरू होतो.

प्रयोगशाळेचा कागदही इथे दिशाभूल करतो. साध्या मूत्रसंसर्गात लघवीच्या कल्चरमध्ये सहसा एकाच जातीचे जंतू वाढतात. फिस्टुलात आतड्यातले अनेक जंतू एकदम येतात. एकाच नमुन्यात अनेक जाती वाढल्या की नमुना घेताना दूषित झाला असा शेरा लिहून तो पुन्हा मागवण्याची पद्धत आहे आणि एरवी ती योग्यही आहे. पण तोच शेरा एका रुग्णाच्या कागदावर दोन-तीनदा आला, तर नमुना नव्हे, रोगच तसा आहे असा विचार करायला हवा. हे ओळखायला नवे यंत्र लागत नाही. आधीचे रिपोर्ट एकत्र ठेवून वाचणारा माणूस लागतो.

या फिस्टुलासाठी एक जुनी आणि अतिशय स्वस्त तपासणी आहे. रुग्णाला सुमारे ५० ग्रॅम खसखस दह्यात किंवा पेयात मिसळून देतात आणि पुढचे ४८ तास लघवी पाहतात. लघवीत दाणे आले की वाट असल्याचे सिद्ध होते. वाट नेमकी कुठे आहे आणि तिचे कारण काय, हे मात्र खसखस सांगत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. कॅथेटर घातलेला नसताना मूत्राशयात हवा आणि त्याला लागून जाड झालेली आतड्याची भिंत, ही दोन चिन्हे सीटीत एकत्र दिसली की निदान जवळजवळ पक्के होते. त्यानंतर कोलोनोस्कोपी करून बायोप्सी घेणे अपरिहार्य आहे. पाश्चात्त्य देशांत मूत्राशयाशी होणाऱ्या फिस्टुलांचे पहिले कारण कर्करोग नसून आतड्यावरच्या पिशव्यांचा दाह, म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस हे आहे, आणि दोन्ही रोग स्कॅनवर सारखे दिसू शकतात.

उजव्या बाजूचे चित्र वेगळे असते. यकृताखाली मोठे आतडे जिथे वळते तिथे आद्यांत्र त्याला खेटून असते. या दोहोंतील कर्करोगजन्य फिस्टुलाची पहिली नोंद हॉल्डेन यांनी १८६२मध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात केली. त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, १७५५मध्ये, हॅलर यांनी जठर आणि मोठे आतडे यांच्यातील फिस्टुलाचे वर्णन केले होते. या दोन्ही प्रकारांत रुग्णाला जुलाब होतात, वजन झपाट्याने उतरते, ढेकरांना विष्ठेचा वास येतो आणि क्वचित उलटीतही विष्ठा पडते. जुलाबांचे कारण वरवर वाटते तसे नाही. खाल्लेले अन्न जठरातून थेट मोठ्या आतड्यात गळते म्हणून जुलाब होतात, असा समज होता. प्रत्यक्षात मोठ्या आतड्यातले जंतू उलट वर चढून लहान आतड्यात ठाण मांडतात आणि तिथले पचन व शोषण बिघडवतात, हा त्यातला मोठा भाग आहे. घरच्यांना तोंडाची दुर्गंधी दंतवैद्याकडे नेण्याजोगी वाटते, जुलाब अन्नातून झाल्यासारखे वाटतात आणि वजनाचे खापर वयावर फुटते. तिन्ही लक्षणे एकत्र मांडली तरच त्यांचा अर्थ लागतो.

उत्तर भारतात उजव्या बाजूच्या गाठीपुढे आणखी एक फसवे वळण आहे: आतड्यांचा क्षयरोग. उजव्या ओटीपोटात गाठ, बारीक ताप, रक्त कमी, वजन कमी, हे क्षयरोगाचे चित्र आहे आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील कर्करोगाचेही आहे. भारतात क्षयरोगाचा संशय प्रथम येणे स्वाभाविक आहे. पण ऊतीची तपासणी न करता क्षयाची औषधे सुरू करून काही महिने वाट पाहणे हा कर्करोगाला दिलेला मोकळा वेळ ठरतो. अपेंडिक्सच्या गळवाचेही तसेच. चाळिशीपुढच्या माणसाला उजव्या बाजूला गळू झाले, ते फोडून पू काढला, पण जखम भरेना आणि तिच्यातून विष्ठेच्या वासाचा स्राव येऊ लागला, तर आत कर्करोगाची गाठ नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. म्हणूनच या वयात अपेंडिक्सचे गळू उपचाराने बसले तरी नंतर कोलोनोस्कोपी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. तो सल्ला डिस्चार्ज कार्डावर लिहिला जातो, पाळला जातोच असे नाही.

स्त्रियांमध्ये योनिमार्गातून हवा किंवा विष्ठा येणे हे लक्षण असते. ज्यांना पूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झाले आहेत, त्यांच्यात अशी फिस्टुला किरणांच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामामुळेही होऊ शकते, वर्षांनंतर देखील. कारण रोगाचे पुनरागमन आहे, नवी गाठ आहे की केवळ किरणांचा परिणाम, हे बायोप्सीशिवाय ठरत नाही. अशी स्त्री लोकांत मिसळणे सोडते, नातलगांच्या लग्नाला जात नाही, घरातही वेगळ्या खोलीत राहू लागते. तिला लवकर तपासणे ही सर्वांत आधी तिच्या माणूसपणाची गरज आहे.

निदान झाल्यावर लगेच गाठीवर सुरी चालवणे बहुतेकदा शहाणपणाचे नसते. आधी जंतुसंसर्ग काबूत आणावा लागतो: गळू असेल तर सीटीच्या किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली नळी टाकून पू काढणे, योग्य प्रतिजैविके, क्षार आणि पाण्याची भरपाई. गरज पडल्यास गाठीच्या वरच्या आतड्याचे तोंड पोटावर आणून, म्हणजे स्टोमा करून, विष्ठेचा प्रवाह वळवतात. मूत्राशयाच्या फिस्टुलात एवढ्यानेही ताप आणि लघवीचा त्रास उतरतो. मग पोषण. १९६०मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पोटाबाहेर उघडणाऱ्या फिस्टुलांच्या १५७ रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक दगावले होते. त्यांना मारले ते मुख्यतः क्षारांच्या असंतुलनाने, कुपोषणाने आणि जंतुसंसर्गाने. शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची पद्धत त्यानंतरच्या दशकात आली आणि चित्र पालटू लागले. आजही रोज ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त स्राव टाकणारी फिस्टुला धोक्याची मानतात. अन्य कारणांनी झालेल्या फिस्टुलांपैकी काही पोषण आणि विश्रांतीने आपोआप मिटतात. कर्करोगाची मिटत नाही, कारण तिच्या भिंतीत गाठ जिवंत असते. थांबण्याचा उद्देश रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी उभे करणे हा असतो आणि ते नातेवाइकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेले बरे.

शस्त्रक्रियेचा नियम एका वाक्यात सांगता येतो: चिकटलेले अवयव सोडवायचे नाहीत, एकसंध काढायचे. गाठ आणि मूत्राशय यांच्यातील चिकटपणा हाताला नुसता दाहाचा वाटला तरी पुष्कळ रुग्णांत त्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात. तो ओढून सोडवला की पेशी पोटात सांडतात आणि बरा होऊ शकणारा रुग्ण बरा होण्याची संधी गमावतो. म्हणून आतड्याचा भाग, त्याच्या लसिका ग्रंथी आणि मूत्राशयाच्या माथ्याचा तुकडा एकत्र निघतो. ग्रंथी किमान १२ तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. मूत्राशय शिवून त्यात काही दिवस कॅथेटर ठेवतात. गाठ मूत्रनलिकांच्या तोंडापर्यंत गेली असेल तर संपूर्ण मूत्राशय काढावे लागू शकते. आद्यांत्राच्या बाबतीत कधी भिंतीचा भाग कापून लहान आतड्याच्या तुकड्याने ती जागा बुजवतात, तर कधी स्वादुपिंडाच्या डोक्यासह मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. ही कामे सर्वत्र होऊ नयेत. पहिल्याच शस्त्रक्रियेत गाठ अर्धवट सोडवून पोट बंद केले, तर दुसऱ्या शल्यविशारदाला तीच संधी पुन्हा मिळत नाही. छोट्या रुग्णालयात आतडे अडून आलेल्या अशा रुग्णाला स्टोमा करून पुढे पाठवणे ही हार नाही, तोच उत्तम उपचार आहे.

औषधांची बाजूही बदलली आहे. २०२३मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या फॉक्सट्रॉट चाचणीत १,०५३ रुग्ण होते. शस्त्रक्रियेपूर्वी सहा आठवडे किमोथेरपी दिलेल्या गटात दोन वर्षांत रोग उरण्याचे किंवा परतण्याचे प्रमाण १६.९ टक्के होते, थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटात २१.५ टक्के. ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, त्यांच्यावर अशा किमोथेरपीचा परिणाम कमी आणि इम्युनोथेरपीचा फार चांगला होतो. त्यामुळे बायोप्सीच्या तुकड्यावर ही चाचणी आधीच करून घेणे शहाणपणाचे. उलट बेव्हॅसिझुमॅब हे औषध स्वतःच आतड्याला भोक पाडू शकते आणि फिस्टुला करू शकते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ते काही आठवडे बंद ठेवावे लागते.

चंडीगडच्या परिसरात या उपचारांची साधने देशाच्या बहुतेक भागांपेक्षा चांगली आहेत. पीजीआय आहे, सेक्टर ३२चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ज्या टाटा स्मारक केंद्राचे मुंबईच्या परळमधील रुग्णालय १९४१पासून चालू आहे, त्याचे ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय ऑगस्ट २०२२मध्ये न्यू चंडीगडच्या मुल्लांपूरला सुरू झाले. टाटा केंद्र आणि पीजीआय यांच्या सहकार्याने २०१३मध्ये इथे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीत अवयव, पेशींचा प्रकार आणि टप्पा लिहिला जातो. पहिले लक्षण कधी दिसले आणि निदान किती महिन्यांनी झाले, हे कळायला दुसरी वही लागेल.

राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी तपासणी होते. मोठे आतडे त्यात नाही. भारतातील प्रमाण पाहता सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करणे व्यवहार्य नाही आणि तशी मागणीही इथे नाही. मागणी आहे ती लक्षणे असलेल्यांपुरती. मूळव्याध म्हणून मलम देऊन परत पाठवलेला पन्नाशीतला माणूस, लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त न वाढणारा पुरुष, शौचाची सवय बदललेली आजी, यांची तपासणी वेळेत झाली तर त्यांतल्या फारच थोड्यांवर फिस्टुलापर्यंत जायची वेळ येईल.

राहिला स्टोमा. तो काही महिन्यांचा असो वा कायमचा, रुग्णाचे रोजचे जगणे त्याच्या पिशवीवर ठरते. चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे असते. जास्त मोठे कापले तर कातडी स्रावाने जळते, आणि लहान आतड्याचा स्राव काही तासांत कातडी सोलून काढतो. हे हात धरून शिकवायला प्रशिक्षित परिचारिका लागते. या कामाची सुरुवात १९५८मध्ये अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये झाली. तिथे डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या स्वतः स्टोमा असलेल्या रुग्णस्त्रीलाच या कामावर नेमले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. पहाडातल्या गावी परतलेल्या रुग्णाला मात्र पिशवी कुठे मिळेल हे कोणी सांगत नाही. मग घरात फडके आणि प्लास्टिकची साधी थैली बांधली जाते. शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान कार्डावर झाला तरी पिशव्यांचा खर्च महिनोन्‌महिने चालूच राहतो.

तेव्हा प्रशासनाने चार गोष्टी कराव्यात. शहरातील आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना वरील लक्षणांचे एक पानी टिपण हिंदीत आणि पंजाबीत द्यावे. लघवीतून हवा किंवा विष्ठा, विष्ठेच्या वासाची ढेकर, आणि पोटावरची न भरणारी जखम, यांपैकी काहीही असेल तर रुग्णाला रांगेत न ठेवता सीटी आणि कोलोनोस्कोपीसाठी पाठवण्याचा स्पष्ट आदेश काढावा. सेक्टर १६ आणि सेक्टर ३२च्या शासकीय रुग्णालयांत स्टोमा परिचारिकेचे पद भरावे. आणि स्टोमाच्या पिशव्या, रुग्ण कोणत्याही राज्याचा असो, औषधकेंद्रातून मोफत मिळाव्यात. यातली एकही गोष्ट नव्या इमारतीवाचून अडलेली नाही.